बांधलेला कान

विद्याधरला मुलगा झाला हे द्रौपदीला नळावर कळलं, आणि त्या बाळाला न्हाऊ घालायला शेवंती जाते हेही तिथेच, त्याच दमात कळलं. पहिल्या बातमीवर ती तोंड भरून "बरं झालं गं बाई" म्हणाली. दुसरी ऐकली आणि कळशी अर्धीच भरलेली असताना उचलून घरी चालू लागली. नळ तसाच वाहत राहिला, आणि मागे रांगेतल्या बायकांची त्यावरून जुंपली.

घाटकोपरच्या भटवाडीत बाळंतिणीला तेल लावायचं आणि तान्ह्या बाळाला पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालायचं काम तीस वर्षं द्रौपदीचं होतं. डोंगराच्या पायथ्यापासून अगदी वरच्या खोलीपर्यंत निम्मी माणसं तिच्या पायांवर न्हालेली. त्यात विद्याधर तर खास. जन्मला तेव्हा त्याचं डोकं एका बाजूनं चेपलेलं होतं आणि नाक म्हणजे नुसती दोन भोकं. द्रौपदीनं रोज तेलाच्या हातानं ते डोकं गोल केलं, नाक चिमटीत धरून धरून वर काढलं. आता तो टेलिफोन खात्यात लागला होता, रुबाबदार दिसायचा, आणि त्याच्या लग्नात द्रौपदीनं नवरीकडच्या अनोळखी बायकांनाही गाठून सांगितलं होतं, की हे नाक माझ्या हातचं.

आणि त्याच्या पोराला शेवंतीनं हात लावायचा?

शेवंती परकी असती तर एवढं झोंबलं नसतं. तीन वर्षांपूर्वी, ब्याऐंशीच्या संपात, तिच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. तेव्हा ती द्रौपदीच्या दारात रडत आली होती. द्रौपदीनंच तिला शिकवलं. टाळू कशी भरायची, पाण्याचा कढतपणा कोपरानं कसा बघायचा, धुरीत ओवा किती आणि वेखंड किती, सगळं. पोरगी भराभर शिकली, आणि वर गोड बोलायचीही. बाळाला गाणी म्हणून दाखवायची, बाळंतिणीची पाठ रगडताना तिच्या माहेरची चौकशी करायची. द्रौपदीचा हात कडक आणि तोंड त्याहून कडक. बायका म्हणू लागल्या, शेवंतीचा हात कसा लोण्यासारखा आहे. असं कोणी म्हटलं की द्रौपदीला पुढे दोन दिवस जेवण गोड लागत नसे. शिवाय शेवंती विद्याधरच्या आईच्या, जानकीच्या तालुक्यातली. दोघी भेटल्या की मालवणीत सुरू व्हायच्या आणि साताऱ्याकडची द्रौपदी मध्ये खुळ्यासारखी उभी राहायची.

आठ दिवस ती नुसती जळत होती. विद्याधरच्या घरावरून जायचं नाही असं ठरवायची आणि दिवसातून दोनदा जायची. सकाळी मोरीच्या खिडकीतून शेवंतीचं गाणं ऐकू यायचं, बाळाचं रडणं मात्र नाही. "रडत नाही म्हणजे नीट रगडतच नसणार," द्रौपदी स्वतःशी म्हणायची आणि पुढे जायची.

नवव्या दिवशी सकाळी जानकी स्वतः तिच्या दारात आली. पदर डोक्यावर नाही, पायात चप्पल नाही.

"द्रौपदी, चल गो बाय. पोराचो कान सुजलो."

द्रौपदीला काळजी वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी तिला आनंद झाला. चप्पल सरकवताना आपण हसतोय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसून घेतलं.

घरात विद्याधरची बायको वनमाला खाटेवर बसून मुळूमुळू रडत होती. मोरीच्या दाराशी शेवंती तेलाचे हात तसेच धरून उभी होती. द्रौपदीनं बाळ उचलून खिडकीच्या उजेडात नेलं. डाव्या कानाचा वरचा भाग भिजवलेल्या वालासारखा टम्म फुगला होता आणि तिथल्या घड्या पार नाहीशा झाल्या होत्या. तिनं बोट लावलं. कान तापलेला नव्हता, लाल नव्हता, निळसरही नव्हता. बाळ रडलं नाही. बोटाखाली मऊ, पाण्यासारखं काहीतरी इकडून तिकडे सरकलं.

हे तिनं पूर्वी एकदा पाहिलं होतं. वाकोल्याला, बारा वर्षांपूर्वी, एका मुलीचा कान तिच्याच हाताखाली असा फुगला होता. तिनं तो दाबला नव्हता, ओढला नव्हता, हे ती शपथेवर सांगू शकत होती. पण भीतीनं तिनं घरच्यांना "बसेल आपोआप" एवढंच सांगितलं. तो बसला तो कान चुरमुडूनच. ती मुलगी अजून केस कानावर ओढून घेते. म्हणजे द्रौपदीला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. हे कोणाचं बोट न लागताही होतं, आणि हे असंच ठेवायचं नसतं.

दुसरी गोष्ट तिनं लगेच सांगितली. "डॉक्टरला दाखवा. आजच. नाहीतर कान चुरमुडून जाईल."

"पण झाला कशान?" जानकीनं विचारलं.

शेवंती द्रौपदीच्या तोंडाकडे बघत होती. काम शिकायला आली तेव्हा बघायची, तशीच.

"कशानं म्हणजे काय," द्रौपदी म्हणाली, "बोटं जड पडली असतील. एवढ्याशा जिवाचा कान तो."

"मावशी, मी कानाला तसा..." शेवंती म्हणाली आणि थांबली, कारण जानकीनं तिच्याकडे पाठ फिरवली होती. तिनं मोरीत जाऊन हात धुतले आणि आल्या वाटेनं निघून गेली. द्रौपदीनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं. एका वाक्यात घर परत मिळालं होतं, आणि ते वाक्य खोटं होतं याचं तिला त्या घटकेला काही वाटलं नाही.

सव्वा महिना होईपर्यंत वनमाला उंबरा ओलांडणार नव्हती आणि विद्याधर ड्युटीवर, म्हणून बाळाला द्रौपदीनं घेतलं आणि वर छत्री धरून जानकी बरोबर चालली. स्टेशनजवळ कान-नाक-घशाचे डॉक्टर देवस्थळी बसायचे. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, छोटी बॅटरी कानाच्या मागे धरली, आणि फुगलेला भाग कंदिलाच्या काचेसारखा उजळला.

"पू नाही," ते म्हणाले. "पू असता तर कान तापला असता आणि या साहेबांनी हात लावू दिला नसता." मग त्यांनी बारीक सुई घालून आतलं ओढून घेतलं. नळीत गोडेतेलाच्या रंगाचं पाणी आलं. त्यांनी ते उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. "रक्ताचा थेंब नाही. कानाच्या कूर्चेत, म्हणजे या मऊ हाडात, पाणी साठलंय. मोठ्या माणसात पाहिलंय मी. एवढ्या लहान बाळात पहिल्यांदाच बघतोय."

"दाबल्यान होता काय?" जानकीनं विचारलं.

"नक्की नाही सांगता येत, आजी. पैलवानांना मार लागून कान सुजतो, पण त्यात रक्त निघतं. हे बरेचदा आपोआपच होतं."

जानकीच्या डोक्यात "मार लागून" तेवढं राहिलं. बाकीचं द्रौपदीला सगळं कळलं, आणि ती बाळाच्या पायातला मोजा सरळ करत बसली.

डॉक्टरांनी कानाच्या प्रत्येक घडीत कापसाचे ओले तुकडे बसवले, मागे कापसाची गादी दिली आणि डोक्याभोवती पट्टी आवळली. "पोकळी दाबून धरली तरच ती आतून चिकटेल. सात दिवस ही पट्टी कोणी सोडायची नाही. डोक्यावर पाणी नाही, तेल नाही. पाचव्या दिवशी मला दाखवा."

दुसऱ्या दिवसापासून बाळ द्रौपदीच्या पायांवर आलं. डोकं कोरडं ठेवून ती बाकीचं अंग न्हाऊ घाले, वनमालाच्या कमरेला तेल जिरवी, आणि येताजाता भेटेल त्याला सांगे, "कान बरा होतोय माझ्या हाताखाली." डॉक्टरचं नाव त्यात कधी यायचं, कधी राहून जायचं. शेवंतीला मात्र भटवाडीतली आणखी दोन घरं सुटली. हे द्रौपदीनं कोणाला सांगितलं नव्हतं, तसं सांगायची गरजच पडली नव्हती.

बाराव्या दिवशी बारसं. जानकीनं शेवंतीलाही बोलावणं पाठवलं. "आठ दिवस हात लागलोहा तिचो पोराक. खणान ओटी भरूक होयी." द्रौपदीला हे पटेना. अपराधी बाईची ओटी भरायची? आणि ही बया येईल, गोड हसेल, आणि बायका पुन्हा तिच्याभोवती जमतील!

तसंच झालं. शेवंती साधं पातळ नेसून आली आणि भिंतीला टेकून बसली, तर वनमालानं स्वतः तिला जवळ बोलावून विचारपूस केली. द्रौपदी आतल्या खोलीत बाळाला नवं झबलं घालत होती आणि दाराच्या फटीतून हे बघत होती. वनमालाला ओटीसाठी पाटावर बसवलं तशी शेवंती आत आली.

"बघू दे ना मावशी जरा. कसा आहे?"

"कसा आहे ते बघायचंय?" द्रौपदी म्हणाली. तिनं बाळाला मांडीवर उताणं घेतलं आणि पट्टीची गाठ सोडली.

"मावशी! डॉक्टरांनी सोडू नका म्हटलंय ना?"

"तू मला शिकवू नको." तिनं वेटोळं उलगडलं, कापूस एकेक करून काढला. कान सपाट होता, घड्या पुन्हा दिसत होत्या, फक्त जरा ओलसर आणि पांढुरका. "बघ. तुझ्या हातात होता तेव्हा भजं झालं होतं त्याचं. आता बघ. नीट बघ, जवळ येऊन बघ."

शेवंतीनं पाहिलं. "छान झालाय," ती म्हणाली. खरोखरच बरं वाटल्यासारखं म्हणाली, आणि त्यानं द्रौपदी अधिकच पेटली. हिनं खाली मान घालायला हवी होती. द्रौपदीनं कान वळवून मागूनही दाखवला, वनमाला काय म्हणते, जानकी काय म्हणते ते ऐकवलं. शेवंती दोनदा म्हणाली, "बांधा ना मावशी आता." तेवढ्यात बाहेरून हाका आल्या, "बाळ आणा, पाळणा खोळंबलाय!" द्रौपदीनं कापूस हाताला आला तसा कोंबला, पट्टी गुंडाळली, वर टोपडं चढवलं आणि बाळ बाहेर नेलं. आत्यानं कानात कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या. शेवंती कोणाला काही न बोलता ओटी घेऊन गेली.

चौदाव्या दिवशी देवस्थळींनी पट्टी उलगडली आणि त्यांचा चेहरा बदलला. कान पुन्हा फुगला होता, आधीपेक्षा मोठा.

"पट्टी सुटली होती का? कोणी सोडली होती?"

"नाय हो," जानकी म्हणाली. "बोटसुद्धा लावूक नाय कोणी."

डॉक्टर बराच वेळ कान चाचपत राहिले. "घट्ट पट्टीखाली पुन्हा भरतंय म्हणजे माझा अंदाज चुकला असणार. आत दुसरं काही असू शकतं. गाठ असेल, रक्तवाहिन्यांचं काही असेल. मी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतो. भूल देऊन कान उघडतील आणि तुकडा काढून तपासतील."

"भूल? चौदा दिवसांच्या पोराक?"

"इलाज नाही, आजी." त्यांनी पॅड पुढे ओढलं.

जानकी द्रौपदीच्या कानाशी लागली. "बारशाच्या दिवशी ती शेवंती आत गेल्ली पोराकडे. तिचीच दृष्ट ही. मीच मेल्यान बोलावलंय तिका."

द्रौपदीला काही करायचंच नव्हतं. बोलायचंही नव्हतं. दुसऱ्यांदाही सगळं आपोआप शेवंतीच्या अंगावर गेलं होतं, आणि शेवंतीनं उद्या कितीही ओरडून सांगितलं तरी तिचं कोण ऐकणार? फक्त डॉक्टरांचं पेन चाललं होतं. बाळ द्रौपदीच्या मांडीवर होतं. अशा जिवाला भूल द्यायची म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. पाय लांब करून बसलं की पोटरीवर एवढंसं वजन येतं, आपण जरा हललो तर घसरेल असं. जागं होईल ना? नाही झालं तर? आणि झालं नाही तर ते कोणाची दृष्ट लागून? हे घर गेलं तर भटवाडी जाईल, आणि या वयात दुसरीकडे कोण आपल्याला दारात उभं करणार, हेही तिनं त्याच घटकेत पुरतं ओळखलं.

"डॉक्टर, लिहू नका," ती म्हणाली. "पट्टी मी सोडली होती."

पेन थांबलं.

"बारशाच्या दिवशी. चांगली घटकाभर उघडा ठेवला कान. मग घाईत बांधला, तुमच्यासारखा नाही. कापूस कुठला कुठे गेला ते मला माहीत नाही."

"का सोडलीत?"

"दाखवायला."

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली. ते रागावले, पण रागावताना त्यांचा जीव भांड्यात पडल्याचंही दिसत होतं. "अहो, हे आधी सांगायचं! मग माझं निदान बरोबर आहे. पट्टी ढिली झाली, पोकळी भरली, एवढंच." त्यांनी तेवढीच जागा बधिर केली, पाणी पुन्हा काढलं, आणि या वेळी पट्टीवर विसंबले नाहीत. उकळून ठेवलेली शर्टाची दोन छोटी पांढरी बटणं घेतली, एक कानाच्या पुढे, एक मागे, आणि दोन्हींमधून टाके घालून कान मध्ये दाबून धरला. "आता हे कोणाला सोडून दाखवता येणार नाही," ते म्हणाले. "दहा दिवस ठेवू. टाक्यांना पाणी लागू देऊ नका."

बाहेर पायरीवर जानकीनं हात पुढे केले. "पोर माझ्याकडे दे."

द्रौपदीनं दिलं. भटवाडीचा चढ लागला. मग जानकी थांबली.

"आणि पयल्या खेपेक? बोटां जड पडली म्हटलंस ता?"

"नव्हती पडली," द्रौपदी म्हणाली. "मला तेव्हाच माहीत होतं."

जानकीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त बाळाच्या तोंडावर पदर ओढला आणि पुढे निघाली, आणि छत्री द्रौपदीच्याच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंती द्रौपदीच्या घरी आली. द्रौपदी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"जानकीकाकूंनी उद्यापासून बोलावलंय," शेवंती म्हणाली.

"मग जा की. माझ्याकडे काय आहे आता?"

"कानाला बटणं आहेत ना. असं बाळ मी कधी धरलं नाही. टाक्यांत पाणी गेलं तर? तुम्ही सांगा कसं करू."

द्रौपदीनं सूप खाली ठेवलं. भांडायला आली असती तर तिची तयारी होती. काल रात्रीपासून उत्तरं जुळवून ठेवली होती. "तू सांगितलं का नाहीस कोणाला?" तिनंच विचारलं. "पट्टी सोडली तेव्हा तू समोर होतीस. बारशालाच सांगायचंस चार बायकांत. माझी वाट लागली असती, तुझं घर तुला मिळालं असतं."

"माझं कोणी ऐकलं नसतं. आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल."

"मी?"

"हो. बाळाचं काही बिघडलं तर तुम्ही गप्प बसणार नाही असं वाटलं."

द्रौपदीला हे सहन झालं नाही. लोण्यासारख्या हाताला तिनं नावं ठेवली होती, गाण्यांना ठेवली होती, मालवणीला ठेवली होती. याला काय नाव ठेवायचं? शेवंतीच्या जागी ती असती तर तिनं अख्खी भटवाडी डोक्यावर घेतली असती. म्हणजे इथेही ही पुढेच. तिला या पोरीचा आतापर्यंत कधी आला नव्हता इतका हेवा वाटला, आणि तिचे डोळे भरून आले ते त्या हेव्यानंच.

"बस," ती म्हणाली.

तिनं एका उशीला दुपटं गुंडाळून बाळ केलं आणि पायांवर घेतलं. डोक्याला फक्त ओला फडका फिरवायचा, तांब्या नाही. झोपवताना उजव्या कुशीवर. टोपडं घालायचं नाही, बटणात अडकेल. शेवंती मान डोलावत होती. सगळं सांगून झालं आणि शेवंती उठली.

सगळं झालं नव्हतं. डोकं पायांवर न टेकवता बाळ धरायची एक रीत होती, दुखऱ्या कानापर्यंत पाण्याचा थेंब पोचत नाही अशी. ती द्रौपदीची स्वतःची, वर्षानुवर्षं करून बसवलेली. शेवंतीलाही तिनं ती शिकवली नव्हती, कोणालाच नव्हती. तेवढी तरी आपल्याजवळ राहू दे, तिच्या मनात आलं. फडक्यानं भागेल. बहुधा भागेल.

शेवंती जिन्याच्या चार पायऱ्या उतरली होती.

"शेवंते, थांब!" द्रौपदी दारात येऊन ओरडली. "परत ये. डावा हात पुढे कर. असा नाही. कोपराच्या खोबणीत डोकं, बटणाचा कान वर, आणि तळव्याची आड करून पाणी खांद्यापासून खाली. धर."

तिनं उशीचं बाळ शेवंतीच्या हातावर ठेवलं. ते ठेवताना तिचा जीव जळत होता. आणि शेवंतीनं एकदाच बघून ते अगदी बरोबर धरलं.